दहा मिनिटांत मोटर

प्रयोगकाकांनी आयुष्यात एकही प्रयोग केलेला नव्हता. ही गोष्ट फक्त दोन माणसांना माहीत होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको. बायकोला माहीत असणं साहजिकच होतं. घरातला बल्ब गेला की स्टुलावर तीच चढायची. काका खाली स्टूल धरून उभे राहायचे, तेही डोळे मिटून.

खरं तर ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता त्यांचे केस पिकले होते आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोटाळा केला तो संपादकांनी. रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी विज्ञान' हे सदर लिहिणारे प्राध्यापक एक दिवस मुलीकडे राहायला निघून गेले आणि संपादकांनी खोलीभर नजर फिरवली. चष्मा लावलेला माणूस त्या वेळी तिथे एकच होता.

"साहेब, मी कॉमर्सचा," काका म्हणाले.

"मग? ते लेख इतकी वर्षं तपासत कोण होतं?"

या युक्तिवादात नेमकं काय चुकतंय हे काकांच्या लक्षात येईपर्यंत सात वर्षं उलटली आणि ते शहरभर प्रयोगकाका होऊन बसले.

प्राध्यापक जाताना कपाटभर जुन्या प्रयोगपुस्तिका ठेवून गेले होते. काका दर आठवड्याला त्यातली एक उचलायचे, तिची भाषा झाडूनपुसून घ्यायचे, शेवटी 'करून पाहा, मजा येईल!' असं लिहायचे आणि मोकळे व्हायचे. मजा येते की नाही, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. रस्त्यात कुणी अडवून विचारलंच, की काका, आमचा साबणाचा फुगा लगेच का फुटतो, तर ते आभाळाकडे बघत गंभीरपणे म्हणायचे, "हवेवर अवलंबून आहे." या तीन शब्दांवर त्यांनी सात वर्षं काढली होती. आणि खोटं कशाला बोला, समोरच्याने मान डोलावली की त्यांना आतून गुदगुल्याही व्हायच्या.

'दहा मिनिटांत फिरणारी मोटर' हा लेख छापून आला, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची गोष्ट. काका प्रूफ वाचत बसले होते. टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय साठीच्या आसपास, गळ्यात मोजायची टेप तशीच राहून गेलेली, बाहीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"प्रयोगकाका तुम्हीच का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. चाहत्यांसमोर आपण तसे बरे दिसतो अशी त्यांची समजूत होती. "मीच. बोला, ताई."

बाईंनी डब्याचं झाकण काढलं. आत एक जाड सेल. त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने घट्ट बसवलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलच्या पाठीवर जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं लोहचुंबक, आणि पिनांच्या भोकांत दोन्ही टोकं टेकवून बसलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेढे इतके एकसारखे, की काकांना वाटलं हे विकतच आणलंय.

"वा! फारच सुरेख झालंय."

"फिरत नाही," बाई म्हणाल्या.

"बोटाने जरा ढकलून पाहिलंत?"

"ढकललं, फुंकर मारली, सेल बदलला. दोनदा डुलतं आणि थांबतं. सेल मात्र इस्त्रीसारखा तापतो."

काकांच्या ओठांवर ते तीन शब्द आलेच होते, पण बाईंची नजर अशी रोखलेली होती की हवा मध्येच अडकली. ते म्हणाले, "करताना काहीतरी चुकलं असणार. प्रयोग बरोबर आहे. शंभर टक्के."

बाईंचा चेहरा उतरला. "तेही हेच म्हणाले."

"कोण?"

"आमचे हे. पेपरात चूक नसते म्हणाले. चुकला तो माझा हात."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. त्यांचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, डाव्याला सवय लावा. त्यांनी डाव्याला चमच्यापलीकडे कशाचीच सवय लावली नाही, हत्यारांकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. त्या रविवारी मात्र पेपर वाचता वाचता एकदम म्हणाले, आपला जुना मिक्सर जळालाय ना, त्याच्या मोटरची तार काढून दे. तीन दिवस बसून, तारेचं एक टोक दातांत धरून, डाव्या हाताने त्यांनी हे वेटोळं केलं.

"आणि ते फिरेना," बाई म्हणाल्या. "परवा मला म्हणाले, हत्यारांची पेटी देऊन टाक कुणालातरी. भाऊ, मी भांडायला आलेली नाही. तुम्ही एकदा हे फिरवून द्या. मी नेऊन दाखवीन, की बघा, थोडक्यात राहिलं होतं."

इथे शहाण्या माणसाने हात जोडून सांगितलं असतं, की ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. काकांनी तसं सांगायला तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं: "ठेवून जा. दहा मिनिटांचं तर काम आहे."

दुकानाचा पत्ता लिहून देऊन बाई गेल्या. काका डब्याकडे बघत बसले. ते वेटोळं त्यांच्याकडे बघत होतं.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर त्यांनी सामान मांडलं. घड्याळजींच्या मोटरला हात लावायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची नवी करायचं ठरवलं. सेल, पिना, चुंबक, तारेचं रीळ आणि मधोमध स्वतःच लिहिलेल्या लेखाचं कात्रण. बायको हॉस्पिटलात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती दारातच थबकली.

"हे काय?"

"प्रयोग," काका म्हणाले.

बायकोने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि नाटकाला बसावं तशी बसली.

लेखात लिहिलं होतं, 'तार बोटाच्या जाडीच्या वस्तूवर दहा वेळा गुंडाळा'. बोटाच्या जाडीची वस्तू शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा काकांनी ती बोटावरच गुंडाळली, चांगली करकचून. दहा वेढे झाल्यावर ते समाधानाने हसले आणि मग हसायचे थांबले. वेटोळं निघेना. बोट आधी लाल झालं, मग जांभळं. बायकोने त्यांना बेसिनपाशी नेलं, साबण लावला आणि शांतपणे एकेक वेढा सरकवत बोट मोकळं केलं.

"लेखात हे लिहा," ती म्हणाली. "साहित्य: साबण, एक नर्स."

दुसरं वेटोळं त्यांनी मार्करवर गुंडाळलं. टोकांचं वीज अडवणारं वार्निश ब्लेडने खरवडून लख्ख केलं, कारण लेखात बजावलं होतं, 'जराही शिल्लक राहू देऊ नये'. वेटोळं पिनांत टेकवलं, टिचकी मारली. ते दोनदा डुललं आणि थांबलं. काकांनी परत टिचकी मारली. परत तेच. आपल्या टिचकीत दम नाही असं वाटून त्यांनी सेल हातात धरून सगळंच हलवलं आणि एकदम "आई गं!" करून सोडून दिलं. तापलेल्या सेलने तळव्याला चांगलाच चटका दिला होता.

बायको उठली आणि मलम घेऊन आली. "घरच्या घरी विज्ञान," ती ट्यूब दाबत म्हणाली.

बुधवारची संध्याकाळही अशीच गेली. काकांनी चुंबक उलटं करून पाहिलं, सेल उलटा करून पाहिला, टेबल उत्तर-दक्षिण फिरवून पाहिलं. वेटोळं दर वेळी दोनदा डुलायचं, जणू नको नको म्हणत मान हलवतंय. शेवटी काकांनी हात टेकले.

"यात त्या माणसाचा काय दोष?" ते म्हणाले. "तो बिचारा तिकडे स्वतःच्या हाताला बोल लावतोय. माझे दोन्ही हात धड आहेत, तरी फिरत नाही."

बायकोने कात्रण उचलून मन लावून वाचलं. "लिहिणारा हुशार दिसतोय. कुठून उतरवलं होतंत?"

"उतरवलं काय म्हणतेस? संपादन केलं होतं."

"बरं. कशाचं संपादन केलं होतंत?"

गुरुवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या काकांनी कपाट उघडलं. पिवळी पडलेली पुस्तिका सापडली, पान सापडलं. तिथे स्वच्छ छापलेलं होतं: 'तारेच्या एका टोकावरील वार्निश सर्व बाजूंनी खरवडावे. दुसऱ्या टोकावरील मात्र अर्ध्याच बाजूचे खरवडावे.' 'अर्ध्याच बाजूचे' या शब्दांभोवती पेन्सिलीने सुबक गोल काढलेला होता आणि समासात, काकांच्या स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात, शेरा होता: 'अर्धवट का? पूर्ण हवे.'

काकांना सगळं आठवलं. तो गोल काढताना वाटलेला अभिमानसुद्धा आठवला. जुन्या काळच्या छापखान्यांच्या निष्काळजीपणाबद्दल त्या दिवशी त्यांनी शेजारच्या टेबलाला पाच मिनिटं व्याख्यान दिलं होतं.

खाली आणखी एक परिच्छेद होता. शेजारी जाहिरात बसवायची म्हणून काकांनी तो उडवला होता. आता तो त्यांनी पहिल्यांदाच, अर्थ लावत वाचला. वीज सतत वाहत राहिली तर चुंबक वेटोळ्याला अर्धा फेरा पुढे ढकलतं आणि उरलेला अर्धा फेरा मागे खेचतं, त्यामुळे ते जागच्या जागी डुलत राहतं. म्हणून मागे खेचायची वेळ आली की वीज तोडायची. अर्ध्या बाजूला राखलेलं वार्निश तेवढंच काम करतं. वेटोळं आपल्याच वेगात पलीकडे जातं आणि पुढचा धक्का खायला परत हजर होतं. झोपाळा आपल्यापासून लांब जातानाच आपण ढकलतो, आपल्याकडे येताना हात काढून घेतो, तसंच.

काकांनी पिशवीतून आपला संसार काढला. नवी तार, मार्कर, दहा वेढे. एक टोक पूर्ण खरवडलं. दुसरं टोक टेबलावर दाबून धरलं आणि फक्त वरची बाजू ब्लेडने घासली. वेटोळं पिनांत ठेवलं आणि हळूच टिचकी मारली.

ते डुललं, अडखळलं आणि सुटलं. गरगर, गरगर, तार दिसेनाशी होऊन नुसतं तांबूस धुकं उरलं.

काकांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती ऐकून संपादक केबिनमधून धावत आले. "काय झालं? कुठे पेटलं?"

"साहेब, फिरतेय! मोटर फिरतेय!"

संपादकांनी मोटरकडे पाहिलं, मग काकांकडे. "त्यात एवढं काय? फिरते म्हणून तुम्हीच नाही का लिहिलंत?"

दुपारी काका पत्ता घेऊन बसने निघाले. मोटर खिशात, डबा मांडीवर. वाटेत त्यांनी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं. 'मुद्रणदोष' हा शब्द त्यांना फार सोयीचा वाटला. भारदस्त होता आणि कुणाच्याच अंगावर येत नव्हता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, खुंट्यांवर चिठ्ठ्या लावलेले कोट आणि पँटी. मागे काचेचं एक टेबल आणि त्यामागे खुर्चीत घड्याळजी. अंगाने किरकोळ. उजवा हात मांडीवर असा पडलेला, जसा कुणी तिथे विसरून गेलंय.

"अहो, हे प्रयोगकाका," ताई म्हणाल्या आणि शिलाईला बसल्या.

घड्याळजींनी मान हलवली. बोलणं जरा जड होतं, पण शब्द स्पष्ट. "बसा. तुम्हाला उगाच त्रास झाला. माझ्याच हाताने..."

"नाही नाही," काका घाईघाईने म्हणाले. "हात बरोबर आहे तुमचा. तो एक मुद्रणदोष होता. वार्निश अर्धंच खरवडायचं होतं. छापताना 'अर्ध्याच'चं 'पूर्ण' झालं."

घड्याळजींनी यावर थोडा विचार केला. "छापताना एखादी वेलांटी उडते," ते म्हणाले. "अख्खा शब्द कसा बदलतो? छापायच्या आधी कुणी तपासत नाही का?"

"तपासतात ना."

"कोण तपासतं?"

मशीनचा आवाज थांबला. काकांनी छताकडे पाहिलं, कोटांकडे पाहिलं. मदतीला कुणी आलं नाही.

"मीच," ते म्हणाले.

आणि बूच निघाल्यासारखं सगळं बाहेर आलं. कॉमर्स, चष्मा, सात वर्षं, बल्ब, स्टूल. पेन्सिलीचा गोल आणि समासातला शेरा. आपल्या बोटात अडकलेलं वेटोळं बायकोने साबण लावून काढलं इथपर्यंत ते आले, तेव्हा घड्याळजींचे खांदे हलायला लागले. काका घाबरून उठले. "ताई, ताई, यांना बघा काय होतंय!"

"काही होत नाहीये," ताई म्हणाल्या. "हसतायत ते. अहो, हळू, ठसका लागेल."

ठसका लागलाच. पाणी पिऊन झाल्यावर घड्याळजींनी डोळे पुसले. "दाखवा तुमची."

काकांनी खिशातून मोटर काढली. बसमधल्या गर्दीत तिचं जे व्हायचं ते झालं होतं. पिना वाकलेल्या आणि वेटोळ्याचा पार चपटा पट्टा झालेला.

"काही हरकत नाही," काका म्हणाले. "तुमच्या मोटरला नवीन वेटोळं बसवू. तुमच्या वेटोळ्याचं वार्निश तर गेलं आता."

"माझ्या वेटोळ्याला हात लावू नका." घड्याळजींनी डाव्या हाताने भिंग उचलून डोळ्याला लावलं आणि तारेचं टोक जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गेलेलं परत लावता येईल की. अगं, ती बटणांची बाटली दे."

ताईंनी मशीनच्या खणातून बिनरंगी नेलपॉलिशची बाटली काढली. बटण शिवून झालं की त्या दोऱ्यावर याचा थेंब लावायच्या, म्हणजे तो उसवत नाही. घड्याळजींनी बाटली गुडघ्यांत धरून झाकण फिरवलं. ब्रश बाहेर आला आणि हवेत थरथरायला लागला. काकांनी मदतीला हात पुढे केला. ताईंनी त्यांची बाही मागून घट्ट पकडली.

पहिला फटकारा सगळीकडे पसरला. घड्याळजी पुटपुटले, ताईंनी चिंधी पुढे केली, त्यांनी तो पुसला. दुसऱ्या वेळी त्यांनी कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास रोखला आणि तारेच्या अर्ध्या बाजूवर ब्रश एकदाच ओढला.

"आता वाळू दे."

काका वाकून फुंकर मारायला लागले.

"फुंकू नका. धूळ बसते," घड्याळजी म्हणाले, आणि काका शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून बसले. चहा आला. चहा संपल्यावर घड्याळजींनी तारेला नख लावून पाहिलं, वेटोळं पिनांत टेकवलं आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने टिचकी मारली.

वेटोळं सुटलं.

काका ओरडणार होते, पण घड्याळजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि कान मोटरशी नेला. "डावी पिन जरा वर आहे. घासतंय." त्यांनी चिमटा मागितला. चिमटा पेटीत होता आणि पेटी ताईंच्या पायाशीच, शिवायला आलेल्या कपड्यांखाली होती. पिन केसभर खाली दाबल्यावर मोटरचा आवाज बारीक झाला आणि वेग वाढला.

ताई मशीनवर जाऊन बसल्या. सुईखाली कापड नव्हतं, तरी त्यांनी बराच वेळ मशीन चालवलं.

"उलटं फिरेल का हे?" घड्याळजींनी विचारलं.

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

"मग बघू या." त्यांनी चुंबक उचलून पालथं घातलं. वेटोळं थांबलं, टिचकीसरशी दुसरीकडे फिरायला लागलं, आणि दोघं म्हातारे ते परत सुलटं, परत उलटं करत सेल संपेपर्यंत बसले.

रविवारी पुरवणीत दुरुस्ती छापून आली, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली, दोन ओळींत. काकांनी तिचं प्रूफ चार वेळा वाचलं. पुढच्या आठवड्यात त्रेचाळीस पत्रं आली. बहुतेकांनी मोटर कधीच कचऱ्यात टाकली होती आणि दोघांनी काकांनाही तिथेच टाकायची इच्छा दाखवली होती. एकाने कळवलं, की आपली मोटर चुकीच्या कृतीनेही उत्तम फिरली. त्याला काय उत्तर लिहावं, हे काकांना अजून कळलेलं नाही.

घड्याळजींचा उजवा हात अजून मांडीवरच असतो. डाव्याने ते घड्याळांचे सेल आणि पट्टे बदलतात; एका भिंतीवरच्या घड्याळाची मागची चकती उघडायला त्यांना तीन आठवडे लागले आणि बंद करायला पाच. दर गुरुवारी दुपारी काका पुस्तिका घेऊन दुकानात जातात. प्रयोग झाल्याशिवाय लेख होत नाही, त्यामुळे सदर आता दोन आठवड्यांतून एकदा येतं आणि संपादक कुरकुर करतात. पहिल्या पाच प्रयोगांतले दोन झालेच नाहीत. एकात ताईंच्या गिऱ्हाइकाच्या कोटाला शाईचा डाग पडला, तो काढण्यात पुढचा गुरुवार गेला.

परवा उकडलेलं अंडं बाटलीत ओढून घ्यायचा प्रयोग होता. बाटलीत जळता कागद टाकला, तोंडावर अंडं ठेवलं. ते क्षणभर थरथरलं आणि गपकन आत गेलं. दोघांनी जोरात टाळी दिली, डाव्याला डावी. मग काकांनी पान उलटलं.

"बाहेर कसं काढायचं ते यात नाहीये," ते म्हणाले.

"ती माझी पाण्याची बाटली आहे," ताई मशीनवरून म्हणाल्या.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. काकांनी बाटली उलटी धरली. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि लेख सातला द्यायचा होता.